तारेतून गेलेलं नाव

जीवनच्या रक्तात काय निघालं ते जीवनच्या आधी गावाला कळलं.

क्षितिजाला ते तिच्या आईनं सांगितलं. कमळाबाई मागच्या ओट्यावर कोळंबी सोलत बसल्या होत्या आणि क्षितिजा लॅबला निघायच्या घाईत उभ्याउभ्याच चहा पीत होती.

"रघूच्या जीवनला तो रोग झालाय बोलतात," कमळाबाई मान वर न करता म्हणाल्या. "टीव्हीवर लाल फितीची जाहिरात दाखवतात, त्यो. त्यांच्या खोलीचा नळ आपल्याच टाकीवर हाय. आता मी काय करू सांग."

"कोण बोलतंय?"

"गिरणीवर बोलतात. दुकानावर बोलतात. कुणाकुणाचं नाव घेऊ?"

वळ गावात रोज काही ना काही बोललं जाई आणि त्यातलं निम्मं खोटं निघे. पण क्षितिजानं चहा अर्धाच ठेवला. जीवननं त्याच आठवड्यात गावच्या दवाखान्यात रक्त दिलं होतं. खोकला जात नव्हता म्हणून डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या लिहून दिल्या होत्या. रक्त भिवंडीच्या लॅबमध्ये गेलं होतं आणि रिपोर्ट आदल्या संध्याकाळी कॉम्प्युटरवरून वळच्या दवाखान्यात आला होता. तो आणणारा प्रोग्राम क्षितिजानं लिहिला होता.

लॅबमध्ये पोचताच तिनं पहिली गोष्ट पाहिली ती ही, की रिपोर्ट कोणी उघडला. कोणीच उघडला नव्हता. वळचे डॉक्टर पुतण्याच्या लग्नाला गेले होते, दवाखाना दोन दिवस बंद होता. तिथलं मशिन मात्र चालूच असे; त्याच्या पडद्यावर तो रिपोर्ट पासवर्डमागे तसाच पडून होता. म्हणजे बातमी दवाखान्यातून बाहेर पडलेली नव्हती. वाटेतच कुणीतरी ती वाचली होती.

जीवन तिच्या घरामागच्या खोल्यांत राहायचा. त्याचे वडील रघू वाडा तालुक्यातून इथे भातशेतीवर मजुरीला आले, ते क्षितिजाच्या आजोबांच्या शेतावरच राहिले. पुढे ती शेतं गोदामांना गेली, रघूही गेला. मागे त्याची बायको ठकुबाई आणि जीवन उरले. जीवन आणि क्षितिजा एकाच वर्गात होते. नववीत त्यानं शाळा सोडली आणि मानकोलीच्या गोदामात माल चढवायला लागला. क्षितिजा शिकत राहिली. तिच्या इंजिनियरिंगच्या पहिल्या परीक्षेच्या दिवशी एसटी बंद होती, तेव्हा जीवननं शिफ्ट बुडवून तिला सायकलवर डबलसीट नेऊन नाक्यावर सोडलं होतं. वाटेत चढावर उतरायला निघाली तर म्हणाला होता, "बस गं, पोत्यापेक्षा हलकीच हायस."

लॅब डॉक्टर केसरीनाथांची. भिवंडीत एका लूमच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. खाली माग चालू असले की वर काचेच्या नळ्या बारीक किणकिणत. केसरी डॉक्टर क्षितिजाच्याच समाजातले, खाडीकाठच्या गावातून शिकून वर आलेले. आजूबाजूच्या गावांतून त्यांच्याकडे रक्त येई, आणि रिपोर्ट न्यायला म्हाताऱ्याकोताऱ्यांना दुसऱ्यांदा भिवंडीला यावं लागे, तो हेलपाटा वाचावा म्हणून त्यांनी क्षितिजाला कामाला ठेवलं होतं. तिनं लॅबमध्ये एक सर्व्हर उभा केला. गावचा दवाखाना त्याला तारेवरून हाक मारणार, सर्व्हर ओळख विचारणार आणि त्या गावचे रिपोर्ट पाठवून देणार. ज्या दारावर सर्व्हर कान लावून बसतो त्याला प्रोग्रामच्या भाषेत सॉकेट म्हणतात. क्षितिजाचा सॉकेट साधा होता. दवाखान्याच्या पडद्याला कुलूप होतं, पण तारेतून जाणारी अक्षरं उघडी जात होती.

हे तिला माहीत होतं. सुरुवातीला तिनं कुलपी सॉकेटच केला होता. त्यात सर्व्हर आधी आपलं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, दाखवतो, समोरचा ते तपासतो, मग दोघं आपसात एक गुप्त किल्ली ठरवतात आणि पुढचं सगळं बोलणं त्या किल्लीनं बंद होतं. लॅबमध्ये ते चाललं. वळच्या दवाखान्यातल्या जुन्या मशिननं मात्र तिचं सर्टिफिकेट दर वेळी परत पाठवलं. क्षितिजानं ते पुन्हा बनवलं, पुन्हा परत आलं. उद्घाटनाचा दिवस ठरला होता, पत्रिका छापून झाल्या होत्या. शेवटी तिनं प्रोग्राममधली एक ओळ बदलून साधा सॉकेट लावला. डॉक्टरांना म्हणाली, "सुरक्षेचं पुढच्या टप्प्यात करू, सर." डॉक्टरांनी घाईत मान हलवली. तो टप्पा आलाच नाही.

वळमध्ये इंटरनेटची तार एकाचीच होती. तिच्या चुलत्याचा मुलगा देवेश याची. आधी तो टीव्हीचं केबल द्यायचा, मग त्याच तारांवर त्यानं इंटरनेट सोडलं. त्याची कंट्रोल रूम गोदामांच्या रस्त्याला लागून होती. दुपारी क्षितिजा तिथे गेली तेव्हा देवेश पंख्याखाली बसून वडापाव खात होता.

"अरे वा, इंजिनियरबाई. बस."

"दादा, काल संध्याकाळी तू काय बघितलंस?"

देवेशचा घास तोंडातच राहिला. त्यानं कागद गुंडाळून बाजूला ठेवला.

"मी मुद्दाम न्हाय बघितलं गं," तो म्हणाला. "एक सॉफ्टवेअर मिळालं, फुकट असतं. कोण दिवसभर पिक्चर डाउनलोड करून लाइन स्लो करतो ते बघायला टाकलेलं. त्यात सगळंच दिसतं."

"दाखव."

त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. आदल्या दिवसाचं त्यानं साठवून ठेवलं होतं. वळमधल्या सगळ्या तारा त्या एका खोलीत येऊन मिळत होत्या आणि त्यांतून गेलेलं प्रत्येक अक्षर तिथे ओळीनं मांडलेलं होतं. त्यात तिच्या रिपोर्टाचे रकाने तिनंच दिलेल्या नावांनी दिसले. पेशंट. वय. गाव. टेस्ट. रिझल्ट. पेशंटच्या पुढे जीवन रघू. क्षितिजानं रिझल्टच्या पुढचा शब्द वाचला आणि नजर काढून घेतली.

"हे प्रायव्हेट होतं, दादा."

"मला कसं कळणार?" देवेश खरंच गोंधळला होता. "प्रायव्हेट असतं तर उघडं कशाला आलं असतं?"

क्षितिजानं पडदा परत त्याच्याकडे वळवला.

"कुणाला सांगितलंस?"

"फक्त भाविकला. तो जीवनचा सुपरवायझर. गोदामात कुणाला लागतं, रक्त येतं, म्हटलं त्याला ठाऊक असलेलं बरं. मी चांगल्यासाठीच सांगितलं. त्याला बोललो पण होतो, कुणाला सांगू नको."

भाविकनंही बहुधा दुसऱ्या कुणाला हेच बजावून सांगितलं असणार. गाव काही फार मोठं नव्हतं.

त्याच संध्याकाळी जीवन तिला भेटला. घरामागे टाकीच्या कट्ट्यावर बसला होता, अंगावर गोदामाचा निळा शर्ट तसाच.

"आज ड्युटीवर घेतला न्हाय," तो म्हणाला. "भाविक बोलला, बरं वाटेपर्यंत घरी बस. मी बोललो, मला बरंच हाय. तर माझा पाण्याचा मग कुणी तरी गेटच्या बाहेर ठेवलेला. युपीवाला एक हाय आमच्यात, दहा वर्षं एका ताटात जेवलो, त्यो बोलतो, भाई, अपना मग साथ ले जा."

क्षितिजा त्याच्या शेजारी बसली. तो थोडा सरकला, तिला जागा द्यायला की अंतर ठेवायला, ते तिला कळलं नाही.

"क्षिती, रिपोर्ट तुझ्याच कॉम्प्युटरमधून येतो ना. काय लिवलंय त्यात?"

तिनं तो पाहिला होता. देवेशच्या पडद्यावर, परक्या खोलीत. आणि ज्याचा होता तो अजून विचारत होता.

"ते डॉक्टर नीट सांगतात, जीवन. उद्या माझ्याबरोबर लॅबला चल. केसरी डॉक्टर चांगले आहेत."

"म्हंजे खरं हाय."

"मी असं म्हटलं नाही."

"तुला खोटं बोलता येत न्हाय, लहानपणापासून," तो म्हणाला आणि थोडा हसला. मग रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रेलरकडे वळला. "हेमालीला काय सांगू? लग्नाला दोन वर्षं न्हाय झाली. ती इहिरीवर गेली तर बायका बाजूला झाल्या, ती मला विचारते, काय झालं. मलाच ठाऊक न्हाय तर काय सांगू."

"उद्या चल. डॉक्टरांना आधी विचारू."

"येतो," जीवन म्हणाला. उठताना त्यानं शर्टाची बटणं नीट लावली. "तू बाजूला बसलीस, तेवढं बरं वाटलं."

सकाळी ती त्याच्या दारात गेली तेव्हा हेमाली उंबऱ्यावर बसली होती. बारीक अंगाची, जेमतेम विशीची मुलगी. "ते पहाटेच गेले, ताई," ती म्हणाली. "कुठे जातो बोलले न्हाईत. मला वाटलं, तुमच्याबरोबर जायचंय ना, म्हणून लवकर उठले."

केसरी डॉक्टर त्या दिवशी जीवनसाठी थांबले होते. क्षितिजानं त्यांना सगळं सांगितलं, देवेशचं, सॉकेटचं, आपण बदललेल्या त्या एका ओळीचं. खाली लूम खडखडत होते.

"असा रिपोर्ट मी कधी कुणाच्या हाती पाठवत नसे," डॉक्टर म्हणाले. "बंद पाकिटात घालून डॉक्टरलाच द्यायचो. तुझ्या मशिनला मी पाकीट समजलो. चूक एकट्या तुझी नाही, मलाही उद्घाटनाची हौस होती." मग चष्मा काढून डोळे चोळत म्हणाले, "वाईट याचं वाटतं की हा रोग आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. गोळ्या आहेत. मुंबईत सरकारी इस्पितळात फुकट मिळतात. वेळेवर सुरू केल्या तर पोरगा संसार करेल, म्हातारा होईल. एवढंच मला त्याला समोर बसवून सांगायचं होतं. शोधा त्याला."

त्यांनी शोधलं. देवेशनं मोटरसायकल काढून कल्याण, पडघा, वाडा पालथं घातलं. ठकुबाईंचे भाऊ बाळाराम वाड्याकडे होते, त्यांच्याकडेही तो गेला नव्हता. जीवनकडे मोबाइल नव्हता. कोणी म्हणे वाशीच्या मार्केटात दिसला, कोणी म्हणे ट्रकवर क्लीनर म्हणून गुजरातला गेला.

डॉक्टरांनी सर्व्हर बंद करायला लावला. रिपोर्ट पुन्हा पाकिटातून जाऊ लागले. "नीट होईपर्यंत सुरू करायचा नाही," ते म्हणाले, "आणि नीट झालं हे तू सांगितल्यावरच सुरू करायचा. मी घाई केली तरी ऐकू नकोस."

क्षितिजा कामाला लागली. सर्व्हरसाठी तिनं किल्ल्यांची नवी जोडी बनवली. एक किल्ली जगाला दाखवायची, दुसरी कोणालाच नाही. ती दुसरी पासवर्ड घातलेल्या फाइलमध्ये बंद केली. पहिल्याच चाचणीला सर्व्हर म्हणाला की दोन्ही बाजूंना ठाऊक असलेली एकही गुप्त लिपी सापडत नाही. ती दिवसभर लिप्यांच्या याद्या तपासत बसली. चूक भलतीकडेच होती. किल्लीची फाइल सर्व्हरनं उघडलेलीच नव्हती, आणि किल्लीच नसल्यावर कुठली लिपी चालणार. ते सुधारलं. मग जुन्या, सहज फोडता येणाऱ्या लिप्या एकेक करून काढून टाकल्या. प्रत्येक दवाखान्याला स्वतःचं सर्टिफिकेट दिलं आणि सर्व्हरला बजावलं, की ते दाखवल्याशिवाय कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. साधा सॉकेट जिथे ऐकत बसायचा ते पोर्ट बंद केलं.

हे सगळं ती चोख करत होती आणि करताना तिला काडीचंही समाधान नव्हतं. प्रत्येक ओळ लिहिताना वाटे, ही त्याच वेळी लिहिता आली असती.

शेवटी ती वळच्या दवाखान्यात जाऊन त्या जुन्या मशिनसमोर बसली. त्यानं सर्टिफिकेट पूर्वीसारखंच परत पाठवलं. या वेळी क्षितिजानं इंग्रजी संदेश शेवटपर्यंत, शब्दन्‌शब्द वाचला. मशिनचं म्हणणं होतं की हे सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही, त्याची तारीख पुढची आहे. तिनं कोपऱ्यातल्या घड्याळावर बाण नेला. साल १९९८ दिसलं. मशिनच्या आतली लहानशी बॅटरी संपली होती. भिवंडीकडे रोज तासन्‌तास लाइट जायची, आणि दर वेळी लाइट आली की मशिन आठ वर्षं मागे जाऊन जागं व्हायचं. आजचं सर्टिफिकेट त्याच्या लेखी भविष्यातलं होतं.

नाक्यावरच्या घड्याळजीकडे ती बॅटरी मिळाली. बटणाएवढी. क्षितिजानं ती बसवली, तारीख घातली आणि पहिल्याच खेपेला दोन्ही मशिनींचं जुळलं. दवाखान्याचा कंपाउंडर म्हणाला, "झालं वाटतं." ती हो म्हणाली आणि पेशंटांच्या बाकावर जाऊन बसली. तिथूनच तिनं डॉक्टरांना फोन करून सांगितलं, की आता नीट झालं, सुरू करू.

जीवनची बातमी भाद्रपदात आली. फोन क्षितिजाच्या घरी आला, कारण त्यानं इस्पितळात तोच नंबर दिला होता. तो मुंबईच्या पलीकडे कुठल्याशा मार्केटात हमाली करत होता. खोकला वाढला, ताप भरला, तरी दवाखान्यात गेला नाही. बरोबरच्यांना म्हणायचा, रक्त तपासायला सांगतील. अगदीच पडला तेव्हा त्यांनी उचलून सरकारी इस्पितळात नेलं. तोवर फुप्फुसं भरली होती. ठकुबाई पोचल्या तेव्हा त्यानं त्यांना ओळखलं, पण बोलता येत नव्हतं.

त्याला वळला आणलं तेव्हा रिमझिम होती. खोल्यांपुढे लोक जमले, पण लांब. पुरुष रस्त्याच्या पलीकडे छत्र्या धरून उभे राहिले. बाळारामनी आणि वाड्याहून आलेल्या दोघा नातेवाइकांनी तिरडी बांधली. चौथा खांदा नव्हता. देवेश मोटरसायकल लावून पुढे आला, चपला काढल्या आणि दांड्याला खांदा दिला. बाळारामना तो कोण हे ठाऊक नव्हतं. ठकुबाईंना होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान वळवली, पण त्याला अडवलं नाही. कमळाबाई दारात उभ्या राहून पदरानं तोंड पुसत होत्या. मग त्या पायऱ्या उतरून पावसात गेल्या आणि हेमालीला धरून बसल्या.

महिनाभरानं केसरी डॉक्टरांनी क्षितिजाला विचारलं, "त्याच्या बायकोची तपासणी झाली का?"

झाली नव्हती. दवाखान्यातून दोनदा निरोप गेला होता. क्षितिजा गेली तेव्हा हेमाली तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"मी रक्त देणार न्हाय, ताई. त्यांचं नाव कसं गेलं ते गावाला म्हायती हाय. माझं पण जाईल."

"भिवंडीला चल. तिथे थेट डॉक्टरांनाच—"

"तुमच्याबरोबर भिवंडीला गेले की सगळे समजतात कशाला गेली. इथं दवाखान्यात तापाला पण रक्त काढतात, कुणाचं लक्ष नसतं. पण इथलं त्या तारेतून जातं."

क्षितिजा तिच्यासमोर खाली बसली. "हेमाली, ती तार देवेशची होती, पण प्रोग्राम माझा होता. रिपोर्ट कुलूप लावून पाठवायचा असतो. मला येत होतं. मी केलं नाही."

हेमालीचा हात तांदळात थांबला. तिनं क्षितिजाकडे पाहिलं. रडली नाही, ओरडलीही नाही. आतल्या खोलीत ठकुबाई खोकल्या.

"आणि आता?" हेमालीनं विचारलं.

"आता कुलूप लावलंय. तारेत कुणालाच वाचता येत नाही. मलाही नाही."

"तुम्ही तेव्हा पण चांगलंच केलंय असं सगळे बोलायचे." मग ती म्हणाली, "मला दाखवा. त्यांच्याच मशिनवर. माझं नाव घालून."

त्या दुपारी त्या दोघी देवेशच्या कंट्रोल रूममध्ये गेल्या. हेमालीला पाहून देवेश खुर्चीतून उठून भिंतीला टेकला. "वैनी," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"मशिन चालू करा," हेमाली म्हणाली.

क्षितिजानं लॅबला फोन करून एक खोटा रिपोर्ट पाठवायला सांगितला. नाव हेमाली, गाव वळ, बाकी सगळं कोरं. दवाखान्याच्या मशिननं तो ओढून घेतला. देवेशच्या पडद्यावर ओळींमागून ओळी सरकल्या. सुरुवातीला सर्टिफिकेटमधलं लॅबचं नाव वाचता आलं; त्यानंतर नुसती चिन्हं, ठिपके, तुटकी अक्षरं, कशाला कशाचा मेळ नाही. हेमाली सातवी शिकलेली होती. तिनं पडद्याला बोट लावलं आणि एकेक ओळ, शाळेत धडा वाचतात तशी, आपलं नाव शोधत खाली गेली. ओळी संपल्या तेव्हा पुन्हा वर जाऊन सुरू केलं. कुणी तिला घाई केली नाही.

"न्हाय दिसत," ती म्हणाली.

मग वळून तिनं देवेशला विचारलं, "त्यांचं कसं दिसलं होतं? मोठ्या अक्षरात?"

"इंग्रजीत होतं, वैनी," देवेश म्हणाला. तो पंख्याखालच्या खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हेमालीनं थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. त्याच्यावर रागवायला आली होती की काय, आणि आता तेवढीही ताकद उरली नाही, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

दुसऱ्या दिवशी तिनं दवाखान्यात रक्त दिलं.

रिपोर्ट निघाला त्या दिवशी क्षितिजा लॅबमध्ये सर्व्हरसमोर होती. वळच्या मशिननं हाक मारली, सर्टिफिकेट दाखवलं, सर्व्हरनं ते मानलं. काही गेलं आणि दार मिटलं. सर्व्हरच्या नोंदीत एवढंच उमटलं की वळ येऊन गेलं. डॉक्टर केसरीनाथांना काय निघालं ते ठाऊक होतं. ते शेजारून नळ्यांचा ट्रे घेऊन गेले आणि त्यांच्या तोंडावरून काही कळलं नाही. क्षितिजानं विचारलं नाही.

गावालाही कळलं नाही. गिरणीवर विषय निघाला, पण कुणाजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो दुसऱ्या कुणाकडे वळला. हेमाली दवाखान्यातून आली, चूल पेटवली, भाकऱ्या केल्या. तिचे डोळे सुजलेले होते, पण ते तर जीवन गेल्यापासूनच होते.

दिवाळीआधी बाळाराम टेम्पो घेऊन आले. ठकुबाई आणि हेमाली त्यांच्याकडे वाड्याला राहायला जाणार होत्या. "इथं आता कुणासाठी राहायचं," ठकुबाई म्हणाल्या. सामान थोडंच होतं. पत्र्याची पेटी, गोधड्या, पिंप, भांड्यांचं टोपलं. हेमाली पुढे चालकाशेजारी जाऊन बसली. जाताना क्षितिजाला म्हणाली, "येते, ताई." तिनं दुसरं काही सांगितलं नाही, आणि क्षितिजाला वाटलं, न सांगणं हा आता तिचा हक्क आहे.

ठकुबाई टोपल्यापाशी उभ्या होत्या. "क्षिती, एक विचारू? मला त्या तारेतलं काय कळत न्हाय. एवढं सांग, त्या रोगाला औषध न्हवतंच ना? म्हंजे माझा जीवन जाणारच होता ना?"

क्षितिजाला हो म्हणता आलं असतं. म्हातारीला तेवढाच आधार झाला असता.

"होतं, काकी," ती म्हणाली. "मुंबईत फुकट मिळतं. गोळ्या घेतल्या असत्या तर जगला असता. केसरी डॉक्टर त्याला तेच सांगणार होते."

वारा सुटला होता, गोदामांकडून पुठ्ठ्याचे तुकडे उडत येत होते.

"रोग झाला ते सगळ्या गावानं सांगितलं," ठकुबाई सावकाश म्हणाल्या. "औषध हाय हे त्याला कुणी सांगितलं न्हाय?"

"नाही, काकी. कुणीच नाही."

ठकुबाईंनी मान हलवली, जणू हिशेब जुळला. मग त्या वाकल्या आणि टोपलं उचलू लागल्या. ते जड होतं. क्षितिजानं दुसऱ्या बाजूनं हात लावला, आणि ठकुबाईंनी तो लावू दिला.